मोजणीत नसलेली कोंबडी

१

प्यो तेक-सूची अकरा हजार बदकं जमिनीत घालायला दीड दिवस लागला. खड्ड्यावर चुना पसरून झाला, पांढरे डगले घातलेली माणसं गाडीत बसून निघून गेली आणि सोंगजोंग गावात एकच प्रश्न मागे उरला. साथ आणली कुणी?

उत्तर गावानं आधीच ठरवून टाकलं होतं. डॉक्टर हाम यांनी येऊन फक्त त्याखाली सही करायची होती.

हाम डोंग-सू पस्तीस वर्षं सरकारात गुरांचे डॉक्टर होते. निवृत्त झाल्यावरही जिल्हा कचेरी त्यांना दर हिवाळ्यात बोलवायची, रोग कुठल्या वाटेनं शिरला ते शोधायला. पक्षी तर मेलेलेच असत. उरे ते एवढंच, की दोष कुणाच्या नावावर घालायचा. त्यांना या कामाचा मनापासून तिटकारा होता. तरी ते हो म्हणत, कारण आपण गेलो नाही तर दुसरा कुणीतरी दोन ओळी खरडून एखाद्या गरिबाचा गळा कापील, हे त्यांनी पाहिलेलं होतं.

नियम साधा होता. तळ्यावर रोग घेऊन येणारे रानहंस उतरले की फार्मच्या आसपास परसात कुणी एकही कोंबडी ठेवायची नाही. असतील त्या गावप्रमुखाकडे द्यायच्या, कचेरी त्यांचा भाव देते. डिसेंबरात सगळ्यांनी दिल्या. कागदावर गावात कोंबडी उरली नव्हती. आणि तेक-सूच्या तीन नंबरच्या शेडमध्ये, बदकांखाली अंथरलेल्या भाताच्या तुसात, तपासणी करणाऱ्यांना तीन पिसं सापडली. तांबूस, गावठी कोंबडीच्या मानेची. बदकं तर सगळी पांढरी होती.

"तूस कोण पसरतं? लान्ह!" तेक-सू फार्मच्या फाटकाशी उभा राहून ओरडत होता. चाळिशीचा, धिप्पाड गडी, पण डोळे सुजलेले. "तिनं लपवली कोंबडी. आजारी पडली तशी घाबरली, कापून खाल्ली, आणि तसेच हात घेऊन माझ्या शेडमध्ये आली. त्यांच्या देशात कोंबड्या चुलीपाशी झोपतात, डॉक्टर! बारा वर्षांचं काम माझं. मातीत गेलं."

"तुम्ही पाहिली तिची कोंबडी?"

"पाहायला कशाला पाहिजे? चार वाजता सभागृहात या. अख्खा गाव तिच्याविरुद्धच्या अर्जावर सहीचे शिक्के मारणार आहे. तुमचा अहवाल त्याला जोडून पाठवू."

लान्ह सात वर्षांपूर्वी व्हिएतनामहून लग्न होऊन या गावात आली होती. तिचा नागरिकत्वाचा अर्ज कचेरीत पडून होता, तो उन्हाळ्यापर्यंत मंजूर व्हायचा. साथीचा नियम मोडल्याचा खटला तिच्या नावावर लागला, तर तो अर्ज केराच्या टोपलीत जाणार होता. हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

डॉक्टरांनी खिशातून प्लास्टिकची पिशवी काढून उजेडात धरली. पिसांचे केस एकमेकांना चिकटून वळले होते आणि देठाची टोकं मऊ, फुगलेली होती. त्यांनी आयुष्यात हजारो पिसं हाताळली होती. ही पिसं कोंबडीच्या अंगावरून गळलेली नव्हती. उकळत्या पाण्यात बुडवून ती कुणीतरी उपटली होती.

म्हणजे तेक-सू म्हणत होता ते खरं होतं, कोंबडी कापलीच होती. फक्त ही गोष्ट या पिशवीकडे नीट पाहिल्याशिवाय कळण्यासारखी नव्हती, आणि पिशवी आज सकाळपर्यंत कचेरीच्या कपाटात बंद होती.

२

लान्हचं घर गावाच्या टोकाला होतं. तिचा नवरा हिवाळाभर समुद्रावर, खायचं शेवाळ काढणाऱ्या बोटीत असे. ती एकटीच उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. डॉक्टरांना पाहून ती उठली नाही, फक्त सुरी बाजूला ठेवली.

"फ्रिज बघायचाय ना? बघा. गावप्रमुख बघून गेले. पंजे सापडले म्हणाले."

"कोंबडीचे पंजे?"

"बाजारातले. पाकिटावर किंमत चिकटलीय. ते म्हणाले, पाकीट कुठलंही असू शकतं." ती हसली, पण तिच्या हसण्यात हसू नव्हतं. "डॉक्टरसाहेब, माझ्या माहेरी पंचवीस कोंबड्या होत्या. कोंबडी लपवता येत नाही, हे मला कळत नाही होय? अंडं घातलं की ती साऱ्या गावाला ओरडून सांगते."

डॉक्टरांनी मान हलवली. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात, पण कोंबडा परवडला. तो एकदा पहाटे आरवून मोकळा होतो. कोंबडी भर सकाळी, माणसं जागी असताना, घसा फोडून ओरडते.

"मग तुला ऐकू आली का कुठे?"

"नाही. इथे काय ऐकू येणार? शेजारच्या कांगजीनवाल्या आजींचा रेडिओ! रोज दहाच्या सुमाराला असा लावतात, की माझ्या घरातली ताटं वाजतात. दहा मिनिटं गाणी, मग बंद. मी तीन गाणी पाठ केली." ती ते सांगताना क्षणभर खरंच खुलली. "आता आठवडा झाला, लावत नाहीत. बरं वाटत नसेल त्यांना. महिन्यापासून हातही प्लास्टरमध्ये आहे ना."

"कधीपासून लावत नाहीत?"

"शनिवारी तेक-सू भाऊ त्यांचा गोठलेला नळ दुरुस्त करायला आले होते. सकाळी शेवटचं गाणं ऐकलं. रविवारपासून नाही."

तिनं एक डबा पुढे केला. लालभडक, नीट दुमडलेली किमची होती, तिखटात मुरवलेला कोबी. "खा थोडी. आजींनीच दिलीय कालच. गावात त्या एकट्याच येतात माझ्याकडे, बाकी सगळे रस्ता बदलतात. पण परवापासून त्याही माझ्या तोंडाकडे बघत नाहीत. डबा ठेवतात आणि जातात."

डॉक्टरांनी एक पान उचलून खाल्लं. किमची उत्तम मुरलेली होती.

३

गावप्रमुख योम सभागृहात कागदाच्या घड्या घालत बसले होते. थंडीसाठी खालून धग दिलेली जमीन तापलेली, वर योम तापलेले.

"कोंबड्यांची यादी? ही बघा. मी काही झोपा काढत नाही. नोव्हेंबरात घरोघर जाऊन विचारलं. डिसेंबरात गोळा केल्या. नोव्हेंबरातला आकडा आणि डिसेंबरातला आकडा, घरटी जुळतो. एका पिसाचा फरक नाही!"

"पिसाचाच फरक पडलाय, प्रमुख."

योमना विनोद कळला नाही. डॉक्टरांनी यादीवर बोट फिरवलं. कांगजीनवाली, कोंबड्या सहा, कोंबडा एक. दोन्ही महिन्यांत तेच.

"हिच्याकडच्या कोंबड्या तुम्ही मोजल्या?"

"मोजायला कशाला हव्यात? अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. उभ्या जन्मात खोटं बोललेली नाही. मी विचारलं, 'आजी, कोंबड्या किती?' म्हणाली सहा. डिसेंबरात सहा दिल्या. ज्यांच्यावर संशय घ्यायचा त्यांच्यावर घ्या हो. तिचा जावईच तर बुडालाय!" योमनी आवाज खाली आणला. "तसा तेक-सू काही माझ्या आवडीचा नाही. सासू त्याला डोक्यावर घेऊन नाचते. लग्न झालं तेव्हा त्याच्यासाठी पिल्लांसाठी राखलेली बियाण्याची कोंबडी कापली होती म्हातारीनं, त्याचे ढेकर हा अजून देतो. पण माणूस नुकसानीत आहे, तेव्हा गावानं त्याच्या मागे उभं राहायला पाहिजे की नको?"

"आणि त्या मुलीच्या मागे?"

"ती…" योम अडखळले. "ती गावची आहेच. पण म्हणजे, तुम्हाला कळतंय मी काय म्हणतोय ते."

डॉक्टरांना पुरेपूर कळत होतं. बाहेरची लेक, नवरा समुद्रावर. गावाला यापेक्षा सोयीचं माणूस कुठे मिळणार होतं?

"म्हातारी बहिरी झालीय का हो?" त्यांनी उठता उठता विचारलं.

"झालीच असणार. रेडिओ बघा कसा लावायची!"

४

कांगजीनवालीला तिच्या खऱ्या नावानं आता कुणीच हाक मारत नव्हतं. कांगजीनहून सून होऊन आली त्याला साठ वर्षं होत आली होती. ती ओसरीवर उन्हाला बसली होती, उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये. अंगणात सोयाबीनच्या रांजणांची रांग आणि पलीकडे रिकामा गोठा. बैल विकून दहा वर्षं झाली होती.

डॉक्टर फाटकातच थांबले आणि स्वतःशी बोलावं तितक्या हळू आवाजात म्हणाले, "मावशी, येऊ का?"

"या की, डॉक्टर. फाटकात कशाला कुजबुजताय?"

कान ठणठणीत होते. डॉक्टरांनी गोठ्यात डोकावून पाहिलं. गोठा झाडून लख्ख केला होता. दहा वर्षं जनावर नसलेला गोठा या थंडीत एका हातानं कोण झाडतं? कोपऱ्यात, झाडू पोचला नव्हता तिथे, शिंपल्यांचा बारीक चुरा पडला होता. अंड्याचं कवच घट्ट व्हावं म्हणून कोंबडीला घालतात तसा. शेजारी पेंढा होता, तळ्याकाठच्या शेतातला. त्याच शेतात रानहंस उतरत.

ते येऊन ओसरीच्या कडेला टेकले. त्यांना हे विचारायचं नव्हतं.

"मावशी, कोंबड्या किती दिल्यात?"

"सहा. आणि कोंबडा."

"घरात किती उरल्या?"

"कोंबडी एकही नाही उरली." तिनं त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, आणि खोटं बोलणाऱ्या माणसाचे डोळे तसे नसतात. डॉक्टर गोंधळले. पेंढा, शिंपल्या, रेडिओ सगळं जुळत होतं, फक्त ही बाई जुळत नव्हती.

मग त्यांना आपली आई आठवली. सुगी झाली की ती अमुक पोती भात झालं म्हणून सांगे, आणि आढ्याला टांगलेल्या भोपळ्यातला बियाण्याचा भात कधीच त्यात धरत नसे. लहानपणी त्यांनी एकदा तो धरून हिशेब सांगितला, तर तिनं पाठीत धपाटा घातला होता.

"आणि बियाण्याची?" त्यांनी विचारलं.

कांगजीनवालीनं डाव्या हातानं प्लास्टरवरची धूळ झटकली.

"बियाणं कुणी धान्यात मोजतं का, डॉक्टर?" ती म्हणाली. "प्रमुखांनी विचारलं, कोंबड्या किती. कोंबड्या सहाच होत्या. सातवी बियाण्याची. ती विकायची नसते, खायची नसते. तिच्यावरून पुढची सगळी पिल्लं. ती देऊन टाकली तर मग घरात राहिलं काय?"

"मग रेडिओ कशाला लावत होतात?"

मोजणीच्या दिवशी ती खोटं बोलली नव्हती. पण नंतर रोज सकाळी दहा वाजता तिला खरं काय ते कळत होतं.

"ती दोन दिवस पेंगत होती," ती आपणहून बोलू लागली. "तुरा निळा पडला होता. वाटलं म्हातारी झाली. शनिवारी जावईबापू आले, थंडीत दोन तास नळाखाली वाकले. म्हटलं, मरून वाया जाण्यापेक्षा त्यांच्या पानात तरी पडेल."

"कापली कुणी?"

"मी."

"सोलली कुणी?"

"मीच."

डॉक्टर प्लास्टरकडे पाहत राहिले. तिनं हात पदराआड घ्यायचा प्रयत्न केला, पण प्लास्टर मोठं होतं.

"माझं नाव लिहा, डॉक्टर. मी म्हातारी, माझं काय घेतील? जावईबापूंचं नाव नको. फार्मवाल्यानंच नियम मोडला असं झालं तर परवाना जाईल, भरपाई जाईल. माझ्या लेकीचं, मी-रानचं घर बसेल."

"आणि लान्हचं बसलं असतं तर? दोन-तीन दिवस गाव तिला फाडून खातंय. तुम्ही शेजारी बसून ऐकताय."

"तिला किमची नेऊन दिली मी," म्हातारी म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिचं तिलाच कळून तिचा चेहरा पडला. "ती तरणी आहे. कुठेही जाईल. मला वाटलं…"

तेवढ्यात गावाच्या भोंग्यावर योमचा आवाज आला. सर्वांनी आपापला शिक्का घेऊन सभागृहात यावं.

५

सभागृहात पंचवीसेक माणसं मांडी घालून बसली होती. मधल्या बैठ्या मेजावर कागद आणि लाल शाईची डबी. लान्ह दाराशी उभी होती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. तेक-सू मेजापाशी, त्याच्या शेजारी त्याची बायको मी-रान.

"पहिला शिक्का माझा," तेक-सू म्हणाला.

"थांबा, जावईबापू."

कांगजीनवाली दारातून आत आली. चपला काढायलाही ती थांबली नव्हती. तिनं उभ्यानंच सांगून टाकलं, गोठा, पेंढा, रेडिओ, सगळं. "मीच लपवली, मीच कापली, मीच शिजवली. या पोरीचा काही संबंध नाही. आणि जावईबापूंना काही माहीत नव्हतं. बाजारातली म्हणून वाढली मी."

लान्हनं भिंतीला हात टेकला. किमचीच्या डब्यांचा अर्थ तिला आता कळत होता.

डॉक्टर तेक-सूकडे बघत होते. त्यांना मनापासून वाटत होतं, की हा आता उठेल. एक वाक्य बोलेल. एका वाक्याचंच काम होतं.

तेक-सूनं जीभ ओठांवरून फिरवली. "मला… मला काही माहीत नव्हतं," तो म्हणाला. "आई, असं कसं केलंत तुम्ही?"

असं म्हणायला त्याची जीभ कशी रेटली कोण जाणे. पण रेटली, आणि डॉक्टरांच्या मनात जी काही दया होती ती तिथेच संपली.

"तेक-सू, त्यांचा हात बघा," ते म्हणाले. "त्या हातानं कोंबडी उकळत्या पाण्यात धरून सोलून दाखवा म्हटलं तर कुणाला जमेल इथे? ही पिसं सोललेल्या कोंबडीची आहेत. ज्यानं ती सोलली, त्याच्याच बाहीला नाहीतर बुटाला चिकटून ती तुमच्या शेडमध्ये आली. शनिवारी त्यांच्या घरात दोनच माणसं होती. आणि आज सकाळी तुम्हीच मला फाटकाशी सांगितलंत, की कोंबडी आजारी पडली, मग कापून खाल्ली. अख्खा गाव म्हणत होता कोंबडी लपवली. आजारी पडली म्हणून कापली, हे त्यालाच माहीत असणार ज्यानं कापली."

"संतापात बोललो मी…"

"बारा वर्षं बदकं पाळताय. निळा तुरा तुम्हाला ओळखता येत नाही? हातात घेतलीत तेव्हाच कळलं असणार. पण सासूबाई हंडा चुलीवर ठेवून बसल्या होत्या, आणि बियाण्याची कोंबडी जावयाला नको म्हणता येत नाही. खरं ना?"

तेक-सू मान खाली घालून बसला. मी-रान नवऱ्याकडे वळली.

"शनिवारी घरी आलात तेव्हा म्हणालात, आईकडे नूडल्स खाल्ल्या," ती म्हणाली. "मी विचारलं होतं."

ती उठली, आईच्या समोरून गेली आणि तिच्याकडे न बघता बाहेर पडली. तिला नवऱ्याचा राग होता की आईचा, हे तिलाही सांगता आलं नसतं.

योमनी कागदाची घडी करून खिशात घातली. लोक एकेक करून उठले. दारात लान्ह उभी होती, तिच्या अंगावरून प्रत्येक जण गेला. एकानंही 'चुकलं' म्हटलं नाही. एक बाई मात्र म्हणाली, "चला, तुझं तर बरं झालं."

सगळे गेल्यावर कांगजीनवाली डॉक्टरांपाशी आली. डोळे कोरडे होते.

"तुम्हाला जावई नाही, डॉक्टर," ती म्हणाली. "असता तर माझ्या एकटीवर निभावू दिलं असतं."

डॉक्टरांनी अहवालात घडलं तसंच लिहिलं. 'नियमाची माहिती होती का' या रकान्यापाशी त्यांचं पेन थोडा वेळ थांबलं. बियाण्यासाठी त्या कागदावर रकाना नव्हता. शेवटी त्यांनी 'होय' लिहिलं.

तेक-सूचा परवाना गेला. शेडचे पत्रे विकून तो आणि मी-रान शहरात निघून गेले. तो ट्रक चालवतो म्हणतात. जूनमध्ये लान्हला नागरिकत्व मिळालं आणि त्याच आठवड्यात ती नवऱ्याच्या बंदरावर राहायला गेली. जाताना तिनं किमचीचे सगळे डबे घासून, पुसून शेजारच्या ओसरीवर रचून ठेवले. हाक मारली नाही.

नोव्हेंबरात तळ्यावर पुन्हा हंस उतरले. डॉक्टर हाम पुन्हा 'हो' म्हणाले होते आणि या खेपेला योमबरोबर मोजणीला घरोघर हिंडत होते. योम आता हुशार झाले होते. दर दारात विचारत, "कोंबड्या किती? बियाण्याचीसकट सांगा!"

कांगजीनवाली ओसरीवर बसली होती. प्लास्टर निघालं होतं, पण हात वाकडाच जुळला होता.

"कोंबड्या नाहीत," ती म्हणाली.

"आणि बियाण्याची, आजी?"

तिनं योमकडे पाहिलंच नाही. डॉक्टरांकडे पाहिलं.

"जावई यायचा नाही आता," ती म्हणाली. "बियाणं कुणासाठी ठेवू?"

योमनी दोन्ही रकान्यांत शून्य लिहिलं. डॉक्टरांनी ते तपासून खाली सही केली.